कूस बदलण्याआधी

माझं काम ऐकायचं, बोलायचं नव्हे. मी उशी. लोक माझ्यावर डोकं टेकतात, हुंदके देतात, लाळ गाळतात, भांडण झालं की मलाच मधे आडवी घालून भिंत उभी करतात आणि सकाळी दोन धपाटे मारून कोपऱ्यात ठेवून देतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उशीच कुरकुरायला लागली तर माणसांनी झोपायचं कुणाच्या जिवावर? पण उद्या माझी शिवण उसवणार आहेत, म्हणून आज तोंड उघडलंय.

मी दोघांची उशी आहे. पलंगाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच, लांबलचक. गादीवाल्यानं विचारलं होतं, "दोन वेगळ्या करून देऊ का? सोयीच्या पडतात." तेव्हा नवी नवरी असलेली माझी मालकीण म्हणाली, "नको. दोन उशा झाल्या की दोन माणसं होतात." ती शिवणकाम करणारी, त्यामुळे अभ्रा तिनं स्वतःच शिवला, टीप घट्ट, कोपरे टोकदार.

मला घरी आणलं ते तिच्या धाकट्या भावानं. खांद्यावर टाकून, भर रस्त्यातून, शिट्टी वाजवत. त्याला सगळे शिट्ट्याच म्हणायचे. आई गेल्यापासून या बहिणीनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. तिचा नवरा सुतार. फर्निचरच्या एका कारखान्यात तो मुख्य कारागीर होता, आणि मेहुण्याला त्यानं तिथंच पॉलिशच्या कामाला लावलं होतं. दोघं बरोबर जायचे, बरोबर यायचे. एकाच्या अंगाला भुशाचा वास, दुसऱ्याच्या अंगाला व्हार्निशचा.

शिट्ट्याला झोप फार प्यारी. सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे आला की जेवून सरळ माझ्यावर आडवा. ती ओरडायची, "कामावरही असाच लोळत असशील! मालकानं पाहिलं तर हाकलून देईल." तो ऐकायचा, हसायचा आणि घोरायला लागायचा.

स्वप्नांबद्दल मला जे काही कळतं, ते मी त्याच्याकडून शिकले. मला माणसांची स्वप्नं दिसत नाहीत, फक्त जाणवतात. श्वास बदलतो, पापण्या फडफडतात, कानामागची शीर जोरात उडायला लागते. जाग येते तेव्हा डोकं काठोकाठ भरलेल्या परातीसारखं असतं. जरा हललं की सांडलं. शिट्ट्याला हे बरोबर ठाऊक होतं. जाग आली तरी तो डोळे उघडायचा नाही, कूस बदलायचा नाही. बहीण हाक मारायला आली की पुटपुटायचा, "ताई, थांब, हलवू नकोस, अजून दिसतंय." आणि मग तसाच डोळे मिटून सांगायचा, "मालकाच्या टकलाला पॉलिश करत होतो. तीन हात मारले तरी चमक येईना. मालक म्हणतो, पगार कापीन." सुतार हसून हसून खोकायला लागायचा.

सुताराला स्वतःला मात्र कधी स्वप्न आठवायचं नाही. त्याचं उठणं म्हणजे धडपड. डोळे उघडायच्या आत पाय जमिनीवर, आणि पाय टेकले की सगळं साफ. "मला स्वप्नं पडतच नाहीत," तो म्हणायचा. पडायची. मला विचारा.

मग कारखान्याला आग लागली.

मी तिथं नव्हते. जे कळलं ते माझ्यावर डोकं ठेवून बोलल्या गेलेल्या, रडल्या गेलेल्या गोष्टींमधून. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, पुढच्या बाजूला ठेवलेल्या थिनरच्या डब्यांनी पेट घेतला. सगळे कामगार बाहेर होते. एक सोडून. शिट्ट्या प्लायवूडच्या थप्पीमागे झोपला होता. तो मागच्या दाराशी सापडला, दाराच्या आतल्या बाजूला. आणि सुतार सापडला त्याच दाराच्या बाहेर, गल्लीत, बेशुद्ध. डोक्याला खोक पडलेली, उजव्या हाताची बोटं भाजलेली.

सुतार जगला. पण त्या दिवसाचं त्याला काहीच आठवेना. सकाळी डबा घेऊन घरातून निघालो, एवढंच. पुढं कोरं.

हॉस्पिटलमधून त्याचे कपडे एका पिशवीत घालून तिच्याकडे दिले होते. घरी येऊन तिनं पिशवी उलटी केली. जळका शर्ट, पँट, आणि तळाशी एक किल्ली.

ती किल्ली तिनं ओळखली. मागच्या गल्लीतून लाकूड चोरीला जातं म्हणून मालकानं हुकूम सोडला होता, की सुट्टीत मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचं. ते काम सुताराकडे होतं. रोज कुलूप लावायचं, किल्ली खिशात टाकायची आणि समोरच्या टपरीवर चहाला जायचं. किल्ली इथं होती, म्हणजे कुलूप तिथं होतं. तिचा भाऊ बंद दारामागे गेला, आणि दार बंद करणारा हात तिच्या नवऱ्याचा होता.

पोलीस घरी आले. दार तर जळून पडलं होतं, आणि ढिगाऱ्यात कुलूप सापडलं नव्हतं. मालकानं जबाब दिला होता की मागचं दार कायम उघडंच असायचं. त्यांनी तिला विचारलं, "कुलपाबद्दल काही माहिती?"

"नाही," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिनं कात्री घेतली, माझी तिच्या बाजूची टीप दोन बोटं उसवली, किल्ली कापसात खोल ढकलली आणि पुन्हा शिवून टाकली. त्या दिवसापासून माझ्या पोटात ते थंड लोखंड होतं. त्यावर तिचं डोकं, आणि हातभर अंतरावर त्याचं.

तिला भीती कशाची होती? पोलिसांची होतीच. पण त्याहून मोठी भीती त्याच्या आठवणीची. मुंगी चिरडली तरी हळहळणारा माणूस. त्याला हे कळलं तर तो राहील का? एक गेला, आता दुसराही जायचा. ती मला कवटाळून हेच म्हणायची, "याला आठवू देऊ नकोस. याला आठवू देऊ नकोस." कुणाला म्हणायची कोण जाणे.

आणि नेमकी तेव्हाच त्याची स्वप्नं सुरू झाली.

पहाटे त्याचा श्वास अडखळायचा, शीर धडधडायची, मान घामानं भिजायची, आणि तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा, "दार... दार..." अशाच एका सकाळी तो हळूहळू जागा झाला. अजून अशक्त होता, धडपडून उठायची ताकद नव्हती, म्हणून पडूनच राहिला. आणि डोळे मिटलेलेच असताना बोलला, "काहीतरी गरम होतं गं... हाताला लागलं... पलीकडून कुणीतरी..."

 ती ताडकन उठून ओरडली, "अहो, दूध उतू जातंय! उठा, उठा आधी!"

तो दचकून उठून बसला. क्षणभर तसाच बघत राहिला. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "गेलं. होतं, आणि गेलं."

तिला उपाय सापडला होता.

त्यानंतर तिनं त्याला एकदाही आपोआप जागं होऊ दिलं नाही. त्याच्या आधी ती जागी व्हायची आणि अंधुक उजेडात त्याच्या पापण्यांकडे बघत पडून राहायची. त्या फडफडायला लागल्या, की झालं. कधी दूध उतू जायचं, कधी नळ जायचा, कधी दाराशी कुणीतरी आलेलं असायचं. नुसतं उठवून ती थांबायची नाही. लगेच प्रश्नांची सरबत्ती. "छत्री कुठं ठेवलीत? विजेचं बिल भरलंत? काल काय आणायला सांगितलं होतं?" बिचारा छत्री शोधायला लागायचा आणि परात उपडी व्हायची.

शेजारच्या काकू एकदा म्हणाल्याच, "बाई, तुमच्याकडे दूध फारच उतू जातं हो. भांडं मोठं घ्या."

तपासणीला गेल्यावर डॉक्टरनं त्याला विचारलं, "झोप कशी लागते?" घरी येऊन तो उत्साहानं तिला सगळं सांगायला लागला. "डॉक्टर म्हणाले, घाबरून उठता आणि काही आठवत नाही, कारण तुम्ही फार झटकन उठता. गजर लावू नका. जाग आली की डोळे उघडू नका, हलू नका. कूस बदलली असेल तर परत त्याच कुशीवर वळा. दुसरा काही विचार डोक्यात यायच्या आत जे दिसलं ते मोठ्यानं बोला. हळूहळू धागा हाताला लागेल."

"बरं," ती म्हणाली. आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन गजराचं घड्याळ घेऊन आली. दुकानातलं सगळ्यात कर्कश. त्याच्या कानाशी ठेवलं. तो म्हणाला, "अगं, डॉक्टर तर..." ती म्हणाली, "डॉक्टरला काय जातंय सांगायला? मला सकाळी गिऱ्हाइकाचे ब्लाउज द्यायचे असतात."

ते घड्याळ वाजायचं तेव्हा माझ्यासुद्धा कापसाला कापरं भरायचं.

पण तिला एक गोष्ट कळली नव्हती, आणि मला ती रोज कळत होती. स्वप्न सांडायचं, भीती सांडायची नाही. ती तळाला चिकटून राहायची. त्याची मान दिवस चढला तरी ताठलेली. घरातलं एकही दार तो लावून घेऊ देईना. न्हाणीघराचंसुद्धा नाही. कडीचा आवाज झाला की अंग आक्रसायचं. पटाशी धरली की हात थरथरायचा. दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं होतं, ते त्यानं शटर खाली ओढलेलं बघून पहिल्याच दिवशी सोडलं. मग ओसरीतच पाट नि स्टुलं करायला लागला.

"मला नुसती भीती उरते बघ," एकदा तो म्हणाला. "कशाची, ते उरत नाही. वाघ दिसला तर माणूस पळेल तरी. हे नुसतं गुरगुरणं आहे." मग त्यानं हळूच विचारलं, "माझ्या हातून काही वाईट झालंय का गं?"

"दूध उतू जातंय!" ती म्हणाली.

भर दुपार होती. शेगडीवर काहीच नव्हतं.

शेवटी तो झोपायलाच घाबरायला लागला. खुर्चीत बसून राहायचा, डोळे ताणून. माझा त्याच्या बाजूचा भाग कोरडा, गार पडून असायचा. आणि जे व्हायचं तेच झालं. एका सकाळी ओसरीत करवत चालवता चालवता त्याला डुलकी लागली. तिनं किंकाळी ऐकली आणि धावली. करवत अंगठ्यात शिरली होती. टाके घालताना तो रडला नाही. रडली ती. "हे मी केलंय," असं ती माझ्या कानात म्हणाली. उशीला कान नसतात, पण तुम्ही समजून घ्या.

त्या दिवशी औषधाच्या गुंगीत तो पलंगावर झोपला. पहाट झाली. ती नेहमीसारखी आधीच जागी. त्याचा श्वास अडखळायला लागला. शीर उडायला लागली. "दार..." तिनं हात लांब केला. मला वाटलं, आता भांडं आपटणार. तिनं घड्याळाची कळ दाबली आणि गजर बंद केला. मग हात परत घेऊन छातीशी धरला आणि तशीच पडून राहिली. तिचं काळीज असं धडधडत होतं की पोटातली किल्ली हलतेय असं मला वाटलं.

पडद्यातून उजेड थोडा थोडा आत येत होता. त्याची पापणी थांबली. श्वास खोल गेला. तो जागा झाला होता. डोळे मिटलेले. तिनं श्वाससुद्धा रोखून धरला.

"अगं," तो म्हणाला.

"काय?"

"बोलू नकोस. हलू नकोस. आहे अजून."

ती दगड झाली.

"मागचं दार," तो म्हणाला. एकेक शब्द, जसा कुणी पाण्यातून ओंजळीत धरून आणतो तसा. "सुट्टी झालीय. मी कुलूप लावतोय. आत कुणी नाही, सगळे गेले, मी हाक मारून बघितलं. कुलूप मीच लावलं. मीच."

संपलं, असं तिला वाटलं असणार. तिचं सगळं डोकं एकदम जड झालं, जसं मेलेल्या माणसाचं होतं. ज्या शब्दाला अडवायला तिनं जिवाचं रान केलं, तो खोलीत येऊन उभा होता.

पण तो थांबला नाही.

"टपरीवर आहे. धूर. पुढून जाता येत नाहीये, सगळं पेटलंय. कुणीतरी म्हणतंय, शिट्ट्या कुठंय? मी पळतोय. वळसा घालून, मागच्या गल्लीत. तो आतून दार वाजवतोय. मी ओरडलो, आलो रे, किल्ली आहे माझ्याकडे. आतून खोकतोय. आणि हसतोय गं. म्हणतोय, 'दाजी, ताईला सांगू नका हां, मी झोपलो होतो.'"

तिच्या तोंडून हुंदका फुटणार होता. तिनं मला दातात धरलं. ते दात मला अजून जाणवतात.

"कुलूप तापलंय. बोटं भाजतायत. किल्ली आत जाते, फिरत नाही. मी जोर लावतोय. किल्ली काढून परत घालतोय. तो म्हणाला, 'दाजी, बाजूला व्हा, वरनं छप्पर येतंय, मागे व्हा!' मी नाही झालो मागे. मी किल्ली फिरवतच होतो."

 त्यानं डोळे उघडले.

"मी गेलो होतो त्याच्यासाठी," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी पळून आलो. रोज उठलो की असं वाटायचं, मी काहीतरी टाकून पळून आलोय."

ती उठली, कात्री घेऊन आली आणि त्याच्यासमोर माझा कोपरा उसवला. कापूस बाजूला करून किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. मग सगळं सांगितलं. पिशवी, पोलीस, दूध, घड्याळ.

त्यानं किल्लीकडे बघितलं. भाजलेल्या बोटांनी ती उलटसुलट केली. "दूध कधी उतू गेलंच नव्हतं, हे मला कळायचं," तो म्हणाला. "मला वाटायचं, माझं झोपेत ओरडणं तुला सहन होत नाही, म्हणून उठवतेस." आणि मग आवाज चढला, लग्नानंतर पहिल्यांदाच मी तो तसा ऐकला. "अगं, त्याचं शेवटचं बोलणं होतं ते! तुझं नाव घेतलेलं. आणि तू रोज सकाळी ते मला सांडायला लावलंस."

  त्या दिवशी दोघांनी मला वेगवेगळ्या टोकांनी भिजवलं.

पुढचं मी उडत उडत ऐकलं. दोघं किल्ली घेऊन पोलिसांकडे गेले.  "तुम्हाला आत टाकलं तर?" ती म्हणाली. तो म्हणाला, "टाकू देत. पण मालकानं नवा कारखाना उघडलाय. तिथंही मागच्या दाराला दुपारी कुलूप पडतं. आत झोपणारा कुणीतरी असेलच." त्याला आत टाकलं नाही, पण जबाब, तारखा, हेलपाटे चालूच आहेत. मालक रस्त्यात दिसला तर तोंड फिरवतो. त्या नव्या कारखान्याच्या मागच्या दाराचा कोयंडा मात्र काढून टाकलाय. ते बघायला सुतार स्वतः जाऊन आला.

स्वप्न त्याला अजून पडतं. घाबरून उठतो, पण पडून राहतो, सांगतो, रडतो आणि कामाला लागतो. हात पुष्कळ सावरलाय.

माझी अवस्था तुम्ही विचाराल. कापसाच्या गुठळ्या झाल्यात, मधे खड्डा पडलाय, त्याची मान धरते. उद्या गादीवाला येणार आहे. मला उसवून, कापूस पिंजून, त्याच्या दोन छोट्या उशा करणार. अर्धी मी इकडे, अर्धी तिकडे. त्यानंतर ही दोन डोकी एकदम मला कळायची नाहीत. म्हणून जाता जाता एकच सांगते, आणि ते तुम्हाला नाही, तिला.

बाई, आता तुला स्वप्न पडतं. कसलं, ते त्याला माहीत नाही, मला माहीत आहे. पहाटे तुझी शीर उडते, तू झोपेत कुणाला तरी हलवतेस आणि म्हणतेस, "ऊठ रे. ऊठ ना." तो उठत नाही. तूच उठतेस, आणि डोळे उघडायच्या आत पाय जमिनीवर टाकतेस. कसं सांडायचं ते तुझ्याइतकं कुणाला येतं? शेजारून नवरा विचारतो, "काय दिसलं?" तू म्हणतेस, "काही नाही, दूध बघते."

तुझा हात दिवसभर शिलाईयंत्रावर थरथरतो, हे काकूंनीही ओळखलंय.

माझ्या जुन्या कापसातला जो अर्धा उद्या तुझ्या वाट्याला येईल, त्यावर एकदा तरी पडून राहा. घाबरलीस तरी चालेल. डोळे उघडू नकोस, कूस बदलू नकोस. शिट्ट्या थप्पीमागे झोपलाय, तू त्याला हाका मारतेयस, तर मार. त्याचं तोंड तुझ्याकडे वळेपर्यंत थांब.